पंच नसलेली झडती

मराठी विभागासाठी लेख लिहिणार असं मी जाहीर केलं तेव्हा आमच्या विंगमध्ये हशा पिकला. बरोबरच आहे म्हणा! दहावीपर्यंत कॉन्व्हेंट, तिथे मधल्या सुट्टीत मराठी बोललं तर दोन रुपये दंड. अजूनही कोणी ‘एकोणसत्तर’ म्हटलं की मी बोटांवर हिशोब करते. पण या वर्षी सेमिनारसाठी माझ्या वाट्याला आलेला विषय इंग्रजीत पंधरा मिनिटांत मांडून झाला, मार्कही मिळाले, तरी डोक्यातून जाईना. रात्री आईला फोनवर तो मराठीत सांगायला लागले आणि तेव्हा कुठे मला तो खरा कळला. म्हणून हा खटाटोप. शुद्धलेखनाच्या चुका मराठीच्या मॅडमनी पोटात घालाव्यात.

विषय असा: आपला ई-मेल, फोटो, चॅट ज्या कंपनीच्या सर्व्हरवर पडून असतात, त्या कंपनीवर पोलिसांनी सर्च वॉरंट बजावायचं कसं?

आईचा पहिला प्रश्न अगदी साधा होता. “अगं, झडतीला पोलीस घरी येतात ना? कंपनीकडे कशाला जातील?”

तिथूनच सुरुवात करू. ‘वॉरंट’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सिनेमातला इन्स्पेक्टर येतो. दार ठोठावणार, गाद्या उलटणार, पिठाचा डबा पालथा करणार. प्रत्यक्षात आपल्या कायद्यातली झडती त्यापेक्षा बरीच सभ्य आहे. त्या भागातले दोन किंवा जास्त स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून बोलवावे लागतात. घरात राहणाऱ्याला झडतीच्या वेळी हजर राहू द्यावं लागतं. काय काय उचललं त्याची यादी करायची, पंचांच्या सह्या घ्यायच्या, एक प्रत घरच्यांच्या हातात द्यायची. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम १०० होतं. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्यात हे कलम १०३ झालं. शिवाय कलम १०५ प्रमाणे झडतीचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रीकरणही करायचं. आणि ‘पंचनामा’ हा शब्द तर आपल्या भाषेत इतका मुरलाय की आपण मेसच्या भाजीचासुद्धा पंचनामा करतो!

आता हीच झडती ई-मेलची घ्यायची म्हटलं तर? दार नाही, कपाट नाही, पंच नाहीत. ज्याची झडती चालू आहे तो कदाचित त्या वेळी मेसमध्ये पोळ्या खात असेल. त्याला पत्ताच नाही.

हा नुसता कल्पनाविलास नाही. अमेरिकेत यावर खराखुरा खटला झाला. २००१ च्या जानेवारीत मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉल शहराच्या पोलिसांनी कॅलिफोर्नियातल्या याहू कंपनीला सर्च वॉरंट चक्क फॅक्स केलं. तपास लहान मुलांच्या लैंगिक शोषणाचा होता, म्हणजे गुन्हा गंभीरच. याहूच्या टेक्निशियननी त्या अकाउंटमधलं सगळं, काही निवडानिवड न करता, बाहेर काढलं, झिप डिस्कवर भरलं, मेलचे प्रिंट काढले आणि पाठवून दिलं. पोलीस अधिकारी तिथे हजरच नव्हता. तो दोन हजार किलोमीटरपेक्षाही लांब आपल्या ऑफिसात!

आरोपीच्या वकिलाने मुद्दा काढला: वॉरंट बजावताना अधिकारी हजर पाहिजे. इथे झडती घेतली कोणी, तर कंपनीच्या नोकरांनी. खालच्या कोर्टाने हे मान्य केलं आणि तो पुरावा बाद केला. वरच्या कोर्टाने नोव्हेंबर २००२ मध्ये निकाल फिरवला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की, पोलीस तिथे उभा राहून काय करणार? सर्व्हरमधून मेल काढणं टेक्निशियनलाच जमतं. शिवाय कंपनीच्या खोलीत पोलीस घुसला नाही, हे एका अर्थी बरंच झालं. त्याच महिन्यात अमेरिकेच्या कायद्यातही स्पष्ट वाक्य आलं, की असं वॉरंट बजावताना अधिकाऱ्याने हजर राहण्याची गरज नाही.

सेमिनारच्या तयारीत मी हे वाचलं तेव्हा पाच मिनिटं लॅपटॉपकडे बघत बसले. कारण त्या खटल्यातला मला सगळ्यात जवळचा वाटलेला माणूस ना पोलीस, ना आरोपी, ना न्यायाधीश. तो टेक्निशियन! आपल्यातलाच कोणीतरी. डिग्री घेतली, नोकरी लागली, आणि एका सकाळी टेबलवर फॅक्स. झडती घेणारे हात त्याचे.

हा सगळा कायदा १९८६ सालचा. ‘स्टोअर्ड कम्युनिकेशन्स ॲक्ट’ असं त्याचं नाव. १९८६ मध्ये ई-मेल म्हणजे काय होतं, विचार करा. तेव्हा साठवणूक इतकी महाग होती की सर्व्हरवर कोणी मेल ठेवतच नसे, वाचला की उतरवून घ्यायचा. म्हणून कायदा करणाऱ्यांनी ठरवलं की १८० दिवसांपेक्षा जुना मेल सर्व्हरवर पडून असेल तर तो जवळपास टाकून दिलेला समजावा, त्यासाठी वॉरंटसुद्धा नको, हलक्या आदेशावर चालेल. आज माझ्या इनबॉक्समध्ये आठवीपासूनचे मेल आहेत. म्हणजे माझं निम्मं आयुष्य ‘टाकून दिलेलं’ झालं की!

शेवटी २०१० मध्ये तिथल्या एका अपील कोर्टाने एका खटल्यात, जिथे सुमारे २७,००० मेल वॉरंटशिवाय घेतले होते, सांगितलं की मेलचा मजकूर म्हणजे पाकिटातलं पत्र. कंपनी पोस्टमन आहे. पोस्टमनच्या हातात पत्र आहे म्हणून ते कोणी फोडावं असं होत नाही. त्यानंतर मोठ्या कंपन्या मजकुरासाठी वॉरंटच मागायला लागल्या.

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते सांगते, कारण इंजिनिअरिंगच्या पोरांना ‘प्रोसेस’ सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. आधी पोलीस कंपनीला पत्र देतात की अमुक खात्याचा डेटा जपून ठेवा, पुसला जाऊ देऊ नका. ही मुदत ९० दिवस, आणि ती आणखी ९० दिवस वाढते. तोपर्यंत तपास अधिकाऱ्याने न्यायाधीशापुढे शपथेवर लिहून द्यायचं की याच खात्यात गुन्ह्याचा पुरावा सापडेल असं मानायला सबळ कारण काय आहे. न्यायाधीशाला पटलं तर वॉरंट निघतं. ते कंपनीच्या कायदा विभागाकडे जातं. विभाग बघतो की कागद खरा आहे ना, खात्याचं नाव बरोबर आहे ना, किती तारखेपासून किती तारखेपर्यंतचा डेटा मागितलाय. मग इंजिनिअर तो डेटा काढतो आणि पोलिसांना मिळतो. पोलीस नंतर त्यातून कामाचं तेवढं शोधतात. घराच्या झडतीत आधी शोधायचं आणि मग उचलायचं असतं. इथे उलटं, आधी सगळं उचलायचं आणि मग शोधायचं. हा फरक छोटा वाटतो, पण नाही.

आणि ज्याचं खातं, त्याला कळतं का? बऱ्याचदा कोर्ट कंपनीला तोंड बंद ठेवायला सांगतं. काही वेळा ते गरजेचंही असतं, नाहीतर चोर पुरावा पुसून पळेल. पण २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने अमेरिकन सरकारवर दावा लावला तेव्हा सांगितलं की आधीच्या दीड वर्षात गुप्ततेची अट घातलेल्या २,५७६ मागण्या आपल्याकडे आल्या, आणि त्यातल्या १,७५२ मध्ये ही गुप्तता कधी संपणार याची तारीखच नव्हती. म्हणजे जन्मभर गप्प! पुढच्याच वर्षी सरकारने स्वतःच नियम घट्ट केले, साधारणपणे एक वर्षापेक्षा जास्त मुदत मागायची नाही असं ठरवलं, आणि कंपनीने दावा मागे घेतला.

मायक्रोसॉफ्टचाच दुसरा खटला तर माझ्या सेमिनारचा हीरो होता. डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायाधीशाने अमली पदार्थांच्या तपासात एका ई-मेल खात्यासाठी वॉरंट दिलं. कंपनीने अमेरिकेत असलेली माहिती दिली, पण मेलचा मजकूर आयर्लंडमधल्या डब्लिनच्या डेटा सेंटरमध्ये होता. कंपनी म्हणाली, अमेरिकन वॉरंट डब्लिनमध्ये चालणार नाही. तिथल्या सरकारला विचारा. सरकार म्हणालं, डब्लिनला कोणी जायचंच नाहीये. तुमचा माणूस अमेरिकेतल्या खुर्चीत बसून दोन-चार कमांड देईल आणि मेल इथे येईल. मग झडती डब्लिनमध्ये झाली की इथे?

सांगा बरं, तुम्ही न्यायाधीश असता तर काय म्हणाला असता? मी सेमिनारमध्ये हात वर करायला सांगितले तर वर्ग अगदी अर्धा-अर्धा झाला. आणि गंमत म्हणजे तिथल्या न्यायाधीशांचंही तेच झालं. २०१४ मध्ये खालच्या कोर्टात सरकार जिंकलं. जुलै २०१६ मध्ये अपील कोर्टात कंपनी जिंकली. जानेवारी २०१७ मध्ये त्याच कोर्टाच्या न्यायाधीशांनी पुन्हा ऐकायचं का यावर मतं दिली, तर चार विरुद्ध चार! फेब्रुवारी २०१७ मध्ये फिलाडेल्फियात गूगलच्या बाबतीत दुसऱ्या न्यायाधीशाने बरोबर उलटा निर्णय दिला. गूगलचा डेटा तर तुकडे होऊन वेगवेगळ्या देशांत आपोआप फिरत असतो. सकाळी एका देशात तर संध्याकाळी दुसऱ्या. मग कोणत्या देशाचं दार वाजवायचं?

२७ फेब्रुवारी २०१८ ला सुप्रीम कोर्टात युक्तिवाद झाला. पण निकाल लागायच्या आतच २३ मार्चला तिथल्या संसदेने नवा कायदा केला, ‘क्लाउड ॲक्ट’. तोही स्वतंत्र नाही, खर्चाच्या एका २,२३२ पानी विधेयकाच्या पोटात घालून. (आपण जर्नलमध्ये नको असलेलं प्रॅक्टिकल मध्येच घुसवतो ना, तसं.) कायदा म्हणाला, डेटा कुठल्याही देशात असो, कंपनीच्या ताब्यात असेल तर द्यायचा. झालं. १७ एप्रिलला सुप्रीम कोर्टाने, आता वादच उरला नाही असं म्हणून, खटला निकाली काढला.

सेमिनारनंतर आमच्या वर्गातला एक जण म्हणाला, “आपला काय संबंध? ते अमेरिकेचं आहे.” म्हणून दोन घरगुती गोष्टी सांगते.

पहिली माझ्या मावशीची. दोन वर्षांपूर्वी तिचा मेल कोणीतरी हॅक केला आणि सगळ्या नातेवाइकांना तिच्या नावाने पत्र गेलं, ‘प्रवासात अडकलेय, पाकीट चोरीला गेलंय, ताबडतोब पैसे पाठवा.’ आमचे एक काका बिचारे भोळे, त्यांनी चाळीस हजार पाठवलेसुद्धा. मावशी पोलिसांकडे गेली. चोराने उत्तरांसाठी दुसरंच एक खातं ठेवलं होतं. तिथल्या साहेबांनी खूप धावपळ केली. कंपनीकडून खातं कधी, कुठून उघडलं याची थोडी माहिती आली. पण त्या मेलबॉक्सच्या आत काय आहे ते मागितल्यावर उत्तर आलं, योग्य मार्गाने या.

हा योग्य मार्ग म्हणजे भारत आणि अमेरिका यांच्यातला परस्पर कायदेशीर मदतीचा करार. २००१ मध्ये सही झाली, २००५ मध्ये लागू झाला. आपल्या पोलिसांनी कागद केंद्रीय गृह मंत्रालयाकडे पाठवायचे, तिथून ते अमेरिकेच्या न्याय खात्याकडे, तिथून तिथल्या सरकारी वकिलाकडे, मग तिथल्या न्यायाधीशापुढे, आणि त्याला पटलं तर तिथलं वॉरंट त्या कंपनीवर. म्हणजे आपल्या गावातल्या चाळीस हजारांसाठी अमेरिकेतल्या न्यायाधीशाची सही! मावशीची फाइल अजून कुठल्यातरी टेबलवर आहे. ती दर दिवाळीला काकांना म्हणते, “भावोजी, माझ्यामुळे तुमचं नुकसान झालं.” तिची काही चूक नसताना. तेव्हा मला मनापासून वाटतं की पोलिसांना माहिती पटकन मिळाली पाहिजे.

दुसरी गोष्ट माझ्या शाळेतल्या मैत्रिणीची. ती दुसऱ्या गावी, दुसऱ्या कॉलेजच्या हॉस्टेलवर असते. तिथे निकाल खराब लागला म्हणून काळजीपोटी कोणीतरी नेटवर्क रूमला सांगितलं, रात्री बारानंतर वाय-फाय वापरणाऱ्या मुलींची यादी द्या. यादी निघाली. नाव, वेळ, किती तास, सगळं. आणि घरोघरी फोन गेले.

माझी मैत्रीण रात्री एक ते तीन परदेशातल्या दोन लहान मुलांना ऑनलाइन गणित शिकवायची. त्या पैशातून तिचं मेसचं बिल भागायचं. घरी हे सांगितलं नव्हतं, कारण वडिलांना कमीपणा वाटला असता. फोन गेल्यावर वडिलांनी एकच प्रश्न विचारला, “रात्री दोन वाजता कोणाशी बोलत असतेस?” मुलीच्या जातीला हा प्रश्न कसा लागतो ते इथल्या गर्ल्स हॉस्टेलला समजावून सांगायला नको. तिला पंधरा दिवस घरी ठेवून घेतलं. दोन प्रॅक्टिकल बुडाली. शिकवणी गेली.

कोणाचाही हेतू वाईट नव्हता. पण मला राहून राहून वाटतं, तिच्या लॉकरची झडती झाली असती तर ती तिथे उभी असती. “मॅडम, ही वही बघा, ही मुलांची गणितं,” असं म्हणाली असती. यादीशी कोणी बोलू शकत नाही. यादीत फक्त ‘१.०० ते ३.००’ एवढंच असतं.

या दोन गोष्टींमध्ये मी अडकले आहे. मावशीसाठी मला दार उघडायला हवंय, मैत्रिणीसाठी दाराला कडी हवीय. आणि मला वाटतं दोन्ही एकाच वेळी मागणं काही दुटप्पीपणा नाही. मावशीला हवी होती एका खात्याची, ठरावीक तारखांची, कारण लिहून दिलेली आणि न्यायाधीशाने वाचलेली मागणी. मैत्रिणीच्या बाबतीत अख्ख्या हॉस्टेलची यादी, कारण लेखी नाही, ज्यांची नावं त्यांना विचारलं नाही. वॉरंट म्हणजे शेवटी दुसरं काय? नेमकं काय हवं, का हवं, हे तिसऱ्या माणसाला पटवून देणं. आणि डिजिटल झडतीत पंच नसतात, म्हणून तर ही पटवण्याची पायरी जास्त महत्त्वाची.

आपल्याकडे या बाबतीत एक मजेशीर विसंगती आहे. पोस्टाच्या ताब्यातलं पत्र किंवा पार्सल मागवायचं असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९५ प्रमाणे जिल्हा दंडाधिकारी किंवा वरच्या कोर्टांसारखा मोठा अधिकार लागतो. पण कलम ९४ खाली कागदपत्रं आणि ‘इलेक्ट्रॉनिक संदेशवहन’ हजर करा असा लेखी आदेश कोर्टाप्रमाणेच पोलीस ठाण्याचा प्रमुख अधिकारीही देऊ शकतो. म्हणजे आजीच्या पोस्टकार्डाला जेवढा मान, तेवढा नातीच्या मेलला नाही! २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क म्हणून मान्य केला. त्या हक्काने कायद्याच्या प्रत्येक कलमापर्यंत पोचायला वेळ लागणार, पण पोचलं पाहिजे.

कायदे बदलणं आपल्या हातात नाही असं म्हणाल. मान्य. पण मित्रमैत्रिणींनो, एक गोष्ट आपल्या हातात नक्की येणार आहे. आपल्या बॅचमधले कितीतरी जण दोन-तीन वर्षांत कुठल्या ना कुठल्या कंपनीत सर्व्हर, डेटाबेस, नेटवर्क सांभाळत असतील. कोणी कॉलेजच्या नेटवर्क रूममध्येसुद्धा असेल. एक दिवस मागणीचा कागद टेबलवर येईल. कधी खऱ्या वॉरंटचा, कधी नुसत्या तोंडी फोनचा, ‘अरे, जरा ती यादी दे ना.’

त्या वेळी तीन प्रश्न विचारायचे, आणि आवाज न चढवता विचारायचे. लेखी आहे का? कोणाची सही आहे? नेमकं किती मागितलंय? उत्तरं बरोबर असतील तर एक मिनिटही उशीर न करता द्यायचं, कारण पलीकडे कोणाची तरी मावशी वाट बघत असते. आणि मागितलंय तेवढंच द्यायचं, एक ओळही जास्त नाही. यासाठी वकील व्हायला लागत नाही. आमच्या लॅबचे सर म्हणतात ना, रीडिंग दिसेल तेवढंच लिहा, मनाचं घालू नका. तसंच.

तिथे दुसरा पंच कोणीच नसतो. आपणच असतो.